विश्लेषण : तात्राच्या डोंगरातले गरम हौद आणि पैनगंगेकाठचे उनकेश्वर, चामोर्शीहून एका दिवसात काय काय जमते?

बाहेर गुडघाभर बर्फ, मागे पांढरे डोंगर आणि उघड्यावरच्या हौदातून निघणाऱ्या वाफा. त्या वाफेत गळ्यापर्यंत बुडालेली, डोक्यावर लोकरी टोप्या घातलेली माणसे. हिवाळा आला की मोबाइलवर फिरणाऱ्या अशा बऱ्याच चित्रफिती पोलंडच्या दक्षिण टोकाच्या, तात्रा पर्वताच्या पायथ्याच्या असतात. सकाळी क्राकूव शहरातून बस पकडायची, दुपारपर्यंत लाकडी घरांची डोंगरी गावे पाहायची, संध्याकाळी गरम पाण्यात डुंबायचे आणि रात्री घरी. तिकडची ही अगदी ठरलेली एकदिवसीय सहल आहे.

चामोर्शीत बसून ही चित्रफीत पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, असे आपल्याकडे का नाही? खरे तर दोन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत. डोंगर-जंगलातली गावे जिल्ह्यातच आहेत आणि गरम पाण्याचे झरे विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर आहेत. अडचण एवढीच की दोघांमध्ये तीन-चारशे किलोमीटरचे अंतर आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत ‘थर्मल’ म्हटले की गरम पाण्याचे कुंड नव्हे, तर दुर्गापूर-ऊर्जानगरच्या चिमण्या डोळ्यांसमोर येतात, तो भाग वेगळा.

पोलंडच्या सहलीत नेमके असते काय?

क्राकूव ते झाकोपाने हे अंतर सुमारे शंभर किलोमीटर, म्हणजे चामोर्शी ते चंद्रपूर याहून थोडेसेच जास्त. झाकोपानेच्या आसपासच्या प्रदेशाला पोद्हाले म्हणतात. इथले डोंगरी लोक ‘गुराल’ म्हणून ओळखले जातात. पोलिश भाषेत ‘गूरा’ म्हणजे डोंगर, त्यावरून हे नाव. मेंढ्या पाळणे हा त्यांचा मूळ व्यवसाय. बोली वेगळी, पोशाख वेगळा, उतरत्या छपरांची लाकडी घरे वेगळी. खोखोवूव नावाच्या गावात ओंडक्यांच्या घरांची जुनी रांग अजून उभी आहे. तिथल्या बायका वर्षातून एकदा, सणाआधी, घराच्या बाहेरच्या लाकडी भिंती घासून धुतात, त्यामुळे शंभर वर्षांचे लाकूडही उजळ दिसते. मेंढीच्या दुधाचे धुरावलेले ‘ओस्त्सिपेक’ हे चीज रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर भाजून मिळते. २००८ पासून या नावाला युरोपीय संघाचे संरक्षण आहे, म्हणजे दुसऱ्या प्रदेशातल्या कुणी तसे चीज बनवले तरी ते नाव लावता येत नाही.

गरम पाण्याचे मोठे हौद मात्र तुलनेने नवे आहेत. बुकोविनातले २००८ मध्ये सुरू झाले, खोखोवूवचे २०१६ मध्ये. त्यांच्याभोवती घराघरांवर ‘खोली भाड्याने’ अशा पाट्या दिसतात. सहलीचा पैसा फक्त हौदाच्या मालकाकडे जात नाही, काही प्रमाणात वरच्या मजल्यावरची खोली देणाऱ्या कुटुंबाकडेही जातो.

पोलंड आणि मराठी माणूस यांची ओळख मोबाइलमुळे झाली असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. पोलंडची राजधानी वॉर्सात त्याच आठवणीचे कोल्हापूर स्मारक आहे.

तिथे ज्वालामुखी नाही, मग पाणी गरम कसे?

गरम पाणी म्हणजे खाली ज्वालामुखी, असा समज सर्वत्र आहे. तात्राखालीही ज्वालामुखी नाही आणि कोकणातल्या झऱ्यांखालीही नाही. पृथ्वी आतून गरम आहे. खाली जावे तसे साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअसने तापमान वाढते. बल्लारपूरच्या भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगाराला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पावसाचे पाणी भेगांतून दोन-तीन किलोमीटर खाली मुरले, तापले आणि दुसऱ्या एखाद्या भेगेतून थंड व्हायच्या आत भराभर वर आले, की झाला गरम झरा. खाली मुरण्याची वाट सगळीकडे असते. भराभर वर येण्याची वाट क्वचित असते, म्हणून झरे मोजकेच.

पोद्हालेत ही वाट निसर्गाने जवळजवळ बंद ठेवली होती. तात्रावर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ चुनखडीच्या थरांत मुरतो. ते थर उतरत उतरत पोद्हालेच्या खाली जातात आणि त्यांच्यावर पाणी न सोडणाऱ्या खडकांचे जाड झाकण आहे. पाण्याची उंच टाकी भरलेली, पाइप जमिनीखालून गेलेला, पण नळच बसवलेला नाही, असा हा प्रकार. झाकोपानेजवळ याश्चुरुव्का येथे एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेला एक झरा होता, पण त्याचे पाणी जेमतेम २० अंश, म्हणजे आपल्याकडच्या विहिरीपेक्षाही गार. ‘नळ’ बसवला तो भूवैज्ञानिकांनी. १९६० च्या दशकात झाकोपानेत आणि नंतर १९८१ पर्यंत बान्स्का गावात खोल विंधन छिद्रे घेतली गेली. बान्स्काचे छिद्र पाच किलोमीटरहून खोल गेले आणि ८० अंशांपेक्षा गरम पाणी स्वतःच्या दाबाने वर आले. पंपाचीही गरज नव्हती.

पुढची गोष्ट चंद्रपूरच्या वाचकाने लक्ष देऊन वाचावी अशी आहे. या पाण्याचा पहिला मोठा उपयोग आंघोळीसाठी झालाच नाही. झाकोपाने डोंगरांनी वेढलेले आहे. हिवाळ्यात घराघरात कोळशाच्या शेगड्या पेटत आणि धूर खोऱ्यातच कोंडून राही. १९९० च्या दशकात पोद्हालेतली घरे जमिनीखालच्या पाण्याच्या उष्णतेवर तापवण्याची योजना सुरू झाली आणि या शतकाच्या सुरुवातीला ती झाकोपानेपर्यंत पोहोचली. गरम पाण्यातली उष्णता एका यंत्रात काढून घेतात, तिच्यावर वेगळे पाणी तापवून ते पाइपातून इमारतींना देतात आणि गार झालेल्या मूळ पाण्याचा मोठा भाग दुसऱ्या छिद्रातून परत जमिनीत सोडतात. वाहून दिले तर खालचा दाब कमी होईल, ही त्यामागची भीती. पर्यटकांचे हौद त्यानंतर आले. त्यात सोडण्याआधी पाणी ३० ते ३८ अंशांपर्यंत उतरवावे लागते.

महाराष्ट्रात असे पाणी कुठे?

गावांची नावेच सांगतात. कोकणात गरम झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. दापोली तालुक्यात उन्हवरे, राजापूरजवळ उन्हाळे, जळगाव जिल्ह्यात चोपडा तालुक्यात उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर. सगळ्यांच्या पोटात तेच ‘ऊन’ आहे.

सर्वात मोठी रांग कोकणात. पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात अठरा ठिकाणी गरम पाणी येते. तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी मुंबईकरांच्या ओळखीची. संगमेश्वराकडचे तुरळ, राजवाडी, आरवली मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांच्या ओळखीचे. उन्हवरेचे पाणी ७० अंशांच्या आसपास, म्हणजे थेट अंगावर घेण्यासारखे नाहीच.

विदर्भापुरते पाहिले तर अमरावती जिल्ह्याच्या टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डी आहे. यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेच्या पट्ट्यात कापेश्वर आहे. त्याच नदीच्या मराठवाड्याकडच्या अंगाला उनकेश्वर. शरभंग ऋषींच्या अंगावर त्वचारोग उठला आणि रामाने बाण मारून जमिनीतून गरम पाणी काढून दिले, अशी इथली कथा. महादेवाचे देऊळ, गंधकाचा वास असलेले, साधारण चाळीस अंशांच्या घरातले पाणी आणि त्वचारोग बरे होण्याच्या आशेने येणारी माणसे हे उनकेश्वरचे स्वरूप. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मात्र असा नावाजलेला झरा नाही.

चामोर्शीहून उनकेश्वर एका दिवसात होते का?

स्वतःची गाडी असेल तर होते, पण दमछाक करून. वैनगंगा ओलांडून मूल, तिथून चंद्रपूर, मग राजुरा-कोरपना मार्गे तेलंगणातले आदिलाबाद आणि पुन्हा महाराष्ट्रात किनवट तालुका. एकेरी अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात जाते. पहाटे चारला निघाले तर दुपारच्या आत कुंडावर पोहोचता येईल, आंघोळ-जेवण करून रात्री उशिरा घर. एसटीने हे एका दिवसात बसवण्याचा विचार सोडून द्यावा. दोन राज्यांच्या बस बदलण्यातच दिवस जातो. मुक्काम करायचा तर माहूर सोयीचे, रेणुकेचे दर्शनही होते. उन्हाळ्यात जाणे म्हणजे वेडेपणा. चंद्रपूर-आदिलाबादच्या ४५ अंशांच्या हवेत चाळीस अंशांच्या पाण्यात बसण्यासाठी पाचशे किलोमीटर प्रवास कुणी करू नये. डिसेंबर-जानेवारी ठीक. महाशिवरात्रीला गर्दी.

किनवट तालुका पाहण्यासारखा आहे, तो केवळ झऱ्यासाठी नव्हे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी वस्ती, सागाचे जंगल आणि पैनगंगेचे खोरे. गडचिरोलीच्या माणसाला तिथे परके वाटत नाही.

डोंगरातली गावे पाहायची तर?

त्यासाठी चामोर्शीकराला कुठे दूर जायला नको. आष्टीवरून आलापल्ली, तिथून भामरागडचा रस्ता. वाटेत आलापल्लीजवळ जुन्या सागाचे राखलेले जंगल आहे, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ या नावाने ओळखले जाणारे. भामरागडच्या अलीकडे हेमलकसा, जिथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की तालुक्याचा संपर्क तुटतो, तेव्हा हा बेतही हिवाळ्याचाच. सकाळी निघून रात्री परत, असा प्रवास यात बसतो.

आलापल्लीहून पुढे वेगळ्या रस्त्याने कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. तिथे हिवाळ्यात हत्तींना काही दिवस सुट्टी असते. औषधी वनस्पती उकळून तयार केलेल्या गरम लेपाने त्यांचे पाय शेकले जातात, त्याला ‘चोपिंग’ म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात गरम उपचाराचा मान आहे तो असा हत्तींना!

पोलंडशी तुलना करताना एक फरक मात्र ठळक दिसतो. गुराल माणूस आपल्या घराचे, चीजचे, खोलीचे पैसे स्वतः घेतो. भामरागड-एटापल्लीच्या माडिया गावांत पाहुणा येतो, फोटो काढतो आणि आलापल्लीला येऊन जेवतो. गावाच्या हाती काही पडत नाही. गोटुल हे गावाचे स्वतःचे ठिकाण आहे, पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा नाही. न विचारता घरात-अंगणात मोबाइल रोखणारे तिथे अनेकदा नकोसे होतात, आणि त्यात गावाची चूक नाही.

गरम पाण्याने रोग बरे होतात का?

उनकेश्वर असो की वज्रेश्वरी, बहुतेक जण तिथे सहलीला नव्हे, आजारपण घेऊन जातात. गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसासाठी या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण इथले तीन आजार गरम कुंडाशी थेट भिडतात.

पहिला कुष्ठरोग. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे या भागाला त्याची ओळख आहे आणि रुग्ण आजही सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, खाजत नाही, दुखत नाही. घरचे म्हणतात, गंधकाच्या पाण्यात दोन-चार वेळा आंघोळ कर. गंधकाचे मलम खरजेवर फार जुन्या काळापासून वापरले जाते हे खरे, पण कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि तो गोळ्यांनीच जातो. सहा किंवा बारा महिन्यांची बहुविध औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. कुंडाच्या वाऱ्या करण्यात गेलेले महिने मज्जातंतूंना महागात पडतात, आणि एकदा बोटे वाकली की गोळ्या ती सरळ करत नाहीत. त्याहून तातडीचा धोका वेगळाच. या रोगात हातापायांची संवेदना जाते. पाणी किती गरम आहे हे पायाला कळतच नाही. साठ अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते, पण बधिर पाय शांतपणे आत राहतो. फोड दिसतात ते संध्याकाळी. जुना मधुमेह असलेल्यांचेही नेमके हेच होते. अशा माणसाने पाण्यात पाय घालण्यापूर्वी सोबतच्या माणसाला हाताचे कोपर बुडवून पाहायला सांगावे.

दुसरा सिकलसेल. विदर्भात आणि विशेषतः गडचिरोलीत हा आजार अनेक कुटुंबांत आहे. २०२३ मध्ये देशपातळीवर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली ती अशाच आदिवासीबहुल जिल्ह्यांना डोळ्यांसमोर ठेवून. सिकलसेलच्या रुग्णाला कोमट पाण्याचा शेक बरा वाटतो. पण बराच वेळ गरम पाण्यात बसून घाम गेला, पाणी प्यायले नाही, आणि बाहेर आल्यावर ओल्या अंगाला डिसेंबरचा वारा लागला, तर शरीरातले पाणी कमी होणे आणि अचानक लागलेली थंडी या दोन्ही गोष्टी वेदनेचा झटका आणू शकतात. म्हणजे बर्फातल्या हौदाचे जे दृश्य मोबाइलवर मोहक वाटते, ते सिकलसेलच्या रुग्णासाठी चुकीचेच. सिकलसेलचे कार्ड असलेल्या घरातून कुणी उनकेश्वरला निघत असेल तर पाण्याची बाटली, कोरडा टॉवेल आणि दहा-पंधरा मिनिटांची मर्यादा सोबत असावी. आजार स्वतःला असल्याचे सांगणारे कार्ड असेल त्याने आधी डॉक्टरांना विचारलेलेच बरे.

तिसरा हत्तीपाय. सुजलेल्या पायाच्या घड्यांत लहानशी जखम असली तरी तिच्यातून जंतू शिरतात आणि ताप भरतो. अनेकांनी आंघोळ केलेल्या साचलेल्या कुंडात असा पाय बुडवणे धोक्याचे. या रुग्णांसाठी साबण आणि स्वच्छ पाण्याने रोज पाय धुणे, कोरडा करणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे, आणि तो घरीच होतो.

गर्भवती महिला, हृदयरोगी आणि उपाशी किंवा दारू प्यायलेला माणूस यांनी गरम कुंडात उतरू नये, हे कुठल्याही देशात खरे आहे. कोमट साचलेल्या पाण्यात डोके बुडवून नाकात पाणी घेणेही टाळावे. त्यातला एक अमिबा क्वचितच, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो आणि मग वाचवणे अवघड होते.

मग फायदा काहीच नाही? आहे. गुडघे आखडलेल्या म्हाताऱ्या माणसाला सोसवेल अशा पाण्यात वीस मिनिटे बसून हलके वाटते, झोप चांगली लागते. तेवढ्यासाठी गेले तर कुंड निराश करत नाही.

आपल्या जमिनीखाली काही आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका हवेतला नाही. बल्लारपूर-चंद्रपूरचा कोळसा ज्या खचलेल्या पट्ट्यात साठला, तो प्राणहिता-गोदावरीचा पट्टा सिरोंचावरून पुढे तेलंगणात जातो. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म सापडतात, तेही याच पट्ट्यातल्या खडकांचे. याच पट्ट्यात पुढे, तेलंगणातल्या मणुगुरूजवळ पगिडेरू गावात विंधन छिद्रातून गरम पाणी वर येते. सिंगरेणी कोळसा कंपनीने तिथे त्या पाण्याच्या उष्णतेवर चालणारा २० किलोवॉटचा प्रायोगिक वीज संच उभारला. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. त्यापुढे २० किलोवॉट म्हणजे दिवाळीच्या माळेइतकेच. पण कोळसा काढणाऱ्या कंपनीनेच हा प्रयोग करावा, यात गंमत आहे.

देशात साडेतीनशेच्या आसपास गरम झऱ्यांची नोंद आहे. लडाखमधील पुगा खोरे आणि छत्तीसगडच्या बलरामपूर जिल्ह्यातील तातापानी ही त्यांतली विजेच्या दृष्टीने सर्वाधिक चर्चेतली नावे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे पहिले राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात फक्त वीज नाही, इमारती तापवणे-थंड करणे, शेतमाल वाळवणे, हरितगृहे आणि पर्यटन असे थेट वापरही धरले आहेत. आपल्याकडे घर तापवण्याचा प्रश्न नाही. मोहफूल, तेंदू, मिरची, धान वाळवण्याचा मात्र आहे, आणि त्यासाठी ६०-७० अंशांचे पाणीही पुरते.

पण छिद्र घ्यायचे कुणाच्या जमिनीत, हा पुढचा प्रश्न. सिरोंचा, अहेरी, एटापल्ली, भामरागड हे तालुके आणि चामोर्शी तालुक्यातली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आपला बांबू आपण विकायचा हे त्या ग्रामसभेने करून दाखवले. जमिनीवरच्या बांबूबाबत हे ठरायला इतकी वर्षे लागली. जमिनीखालच्या गरम पाण्यावर, ते उद्या निघालेच तर, ग्रामसभेचा हक्क काय असेल, हे अजून कुणी विचारलेले नाही. पोद्हालेतल्या उष्णता पुरवणाऱ्या कंपनीत स्थानिक पालिकांचाही वाटा आहे. हा मुद्दा चित्रफितीत दिसत नाही.

तोवर चामोर्शीकराची सर्वात सोपी सहल मार्कंड्याचीच. गावापासून काही किलोमीटरवर, उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी कोरीव देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली. मुख्य मंदिराच्या दुरुस्तीचे काम पुरातत्त्व खात्याकडे बरीच वर्षे रेंगाळले आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, एसटीच्या जादा गाड्या सुटतात. पाणी नदीचे आणि थंडगार. पात्रात खड्डे आहेत, आणि वर गोसेखुर्दचे दरवाजे उघडले की पाणी वाढते, तेव्हा घाटावरून फार आत जाऊ नये.